कामेईंच्या माच्यावरून दिसलेला धूमकेतू

धूमकेतू सापडला तर कोणाला काय मिळणार, हे कामेईंच्या घरात तो सापडायच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं.

म्हाताऱ्या तोकुएमोनला बाटलीवरचं चित्र मिळणार होतं. कामेईंच्या सोया सॉसच्या बाटलीवर पणजोबांपासून एक कासव होतं. आता त्याच्या पाठीवर शेपटीवाला तारा बसणार होता आणि खाली ठसठशीत अक्षरं येणार होती, की हा सॉस त्या कामेईंचा, ज्यांचा धूमकेतू आहे. गावातल्या साइनबोर्डवाल्याकडून म्हाताऱ्याने नमुना रंगवूनही घेतला होता. धूमकेतूचा पत्ता नव्हता, पण कासवाच्या चेहऱ्यावर तो सापडल्याचं समाधान आधीच आलेलं होतं.

त्याच्या लेकीला, मासुएला, तिच्या संध्याकाळी परत मिळणार होत्या. सूर्य बुडला की तिचा नवरा सेइगो शिडी चढून कौलांवरच्या लाकडी माच्यावर जायचा. बाकीच्या घरांत तसल्या माच्यावर कपडे वाळत असत. तिथे त्याची ती जाडजूड जोडदुर्बीण होती. लढाईच्या दिवसांत एखाद्या जहाजावर शत्रूची विमानं हुडकायला बसवलेली, नंतर भंगारातून आलेली. पैसे सासऱ्याने दिले होते, कासवाकडे बघून. ढग नसले, चंद्र नसला, की सेइगो वर. ढग असले की खाली, पण कान वाऱ्याकडे. मासुएने मनाशी मांडलेलं सोपं होतं: एकदा तो मेला धूमकेतू सापडू दे, की माणूस शिडी उतरेल तो उतरेलच.

सेइगोला काय मिळणार होतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. घरजावयाला निराळं काय हवं असणार?

त्या मुलखातला घरजावई नुसता घरात येत नाही, आपलं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून येतो. कामेईंना मुलगा नव्हता, एकटी मासुए होती. सेइगो समुद्राकाठच्या इसोझाकीचा, मुकुनोकी नावाच्या कोळ्याच्या घरातला धाकटा. थोरला कात्सुमी घर चालवणार, होडी चालवणार, नावही चालवणार, तेव्हा धाकटा दिला तर काय बिघडतं, असा तेव्हाचा हिशेब. सरकारी दप्तरात सेइगो मुकुनोकीचा सेइगो कामेई झाला, आणि लग्नाच्या पंगतीत म्हातारा दोन प्याले जास्त प्यायला. मग एका वादळात कात्सुमीची होडी गेली. कात्सुमीला ना बायको, ना मूल. मुकुनोकी नावाचं माणूस आता पृथ्वीवर एकच उरलं होतं, ती इसोझाकीत मासळी वाळवत बसणारी सेइगोची आई.

कामेईंचंही काही फार बरं चाललेलं नव्हतं. मासुएला मूल झालं नाही. म्हाताऱ्याने एकदा सुचवून पाहिलं, की दूरच्या नात्यातला एखादा मुलगा घ्यावा, त्याला नाव द्यावं. सेइगो एरवी सासऱ्याला हो म्हणण्यासाठीच जन्मल्यासारखा, पण त्या दिवशी जेवता जेवता वाडगा खाली ठेवून म्हणाला, "बाबा, एका माणसाचं नाव काढून घेतलंत. पुरे की." पुन्हा तो विषय निघाला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हाताऱ्याला कासवाच्या पाठीवर तारा दिसायला लागला.

*

नवा धूमकेतू शेपटी हलवत येत नाही. तो येतो काचेवर कोणी श्वास सोडावा तसा, एक पुसट डाग होऊन. आणि आकाशात तसले पुसट डाग कायमचेही पुष्कळ आहेत. ज्याला धूमकेतू हुडकायचा त्याला ते सगळे डाग पाठ असावे लागतात. सेइगोला होते. चहा घेऊन वर जाता जाता मासुएलाही झाले होते, गल्लीतली घरं होतात तसे. अमक्या ताऱ्याच्या डावीकडचा तो गोल डाग जुना, भरवशाचा. धनू राशीतले ते दोन शेजारी शेजारी, पण एकमेकांशी न बोलणारे. ज्याची ओळख नाही असा दिसला, तर थांबायचं आणि बघायचं सरकतोय का. सरकला तर तो पाहुणा. मग लगेच तोक्योच्या वेधशाळेला तार करायची: कुठे, किती तेजस्वी, कुठल्या दिशेला चाललाय, आणि बघणाराचं नाव. ज्यांच्या तारा आधी पोचतील त्यांची आडनावं त्याला लागतात. पहिल्या तिघांच्या पुढे कोणाची लागत नाहीत.

सेइगोला एकदा एक सापडलाही होता, काही वर्षांपूर्वी. तार करायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर तिघांची नावं लागून गेली होती. "ढग आले," तो म्हणाला होता. "नीट खात्री करता आली नाही." म्हाताऱ्याने ढगांना आठवडाभर शिव्या दिल्या.

तो दिवस नोव्हेंबरातला होता. दुपारभर उत्तरेकडून वारा सुटलेला, त्यामुळे संध्याकाळचं आकाश धुतल्यासारखं. मासुए चहात शिजवलेली पेज चुलीवरून उतरवत होती. म्हातारा न्हाणीघरात गरम पाण्यात गळ्याइतका बुडून जुनं कुठलंतरी गाणं म्हणत होता. तेवढ्यात वरून हाक आली. "मासुए."

हाक मोठी नव्हती. पण या माणसाने शिडीवरून तिला हाक मारायची रीतच नव्हती. चहा हवा असला तर तो माच्याच्या फळीवर टाच आपटायचा. मासुए ओल्या हातांनीच वर गेली.

"बघ," तो म्हणाला. "गरुडाच्या शेपटीखाली, डोंगराच्या अंगाला. मला सांग तिथे कोण राहतं."

तिने डोळे लावले. तिथे कोणी राहत नव्हतं. ती जागा तिला माहीत होती, रिकामी. आणि आता तिथे एक बारीक, मऊसा डाग होता, मध्ये जरासा उजळ.

"हा कोण?" ती म्हणाली.

"सरकतोय. मघापासून बघतोय. त्या छोट्या ताऱ्याला चिकटलेला होता, आता सुटला."

"अहो, मग बघत काय बसलात! तार करा!"

"मी कसा जाऊ? तो डोंगराआड चाललाय. बुडेपर्यंत जागा टिपल्या नाहीत तर तोक्योवाले विचारतील, दिशा कुठली." तो पुन्हा दुर्बिणीला चिकटला होता. अंधारातच त्याने आकडे सांगितले, तिने हात पुसून ते तळहातावर पेनाने लिहून घेतले. "खाली जाऊन फोनवरून तार लाव. एवढंच सांग. आणि नाव."

"नाव काय सांगायचंय त्यात?"

खाली न्हाणीघरातलं गाणं वरच्या पट्टीला पोचलं, तिथे फाटलं, आणि पुन्हा खालून सुरू झालं.

"मुकुनोकी," सेइगो म्हणाला.

मासुएला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण चुकीचं ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत या घरात ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि आता निघालं ते कसं, तर झोपलेल्या माणसाला उठवताना हळू बोलावं तसं. आपलं नाव तो असं कधी घेत नाही, हा पहिला विचार तिच्या मनात आला. आकाशात धूमकेतू, घरात म्हातारा बाप, आणि हिच्या मनात हे. पण आलं खरं.

"तुमचं कागदावरचं नाव कामेई आहे."

"वेधशाळेकडे माझा कुठला कागद आहे? त्यांना मी माहीतही नाही. जे नाव सांगशील ते लावतील."

"आणि बाबा?"

"मासुए," तो दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाला, "मागच्या वेळी ढग नव्हते."

ती शिडीवर उभी राहिली. मागच्या वेळी ढग नव्हते. म्हणजे तो अख्खी रात्र इथे बसला होता, वर सरकणारा धूमकेतू आणि ओठांवर न ठरणारं एक नाव घेऊन. सकाळ झाली तरी ठरलं नव्हतं. जगात कोणाला धूमकेतू ढगांनी हुकतो, कोणाला झोपेने. याला आडनावाने हुकला होता.

"आईच्या डोळ्यांदेखत व्हावं एवढंच," तो म्हणाला. "तिच्यानंतर ते नाव कोणाचंच नाही."

*

फोन दुकानाच्या बाजूला, ओसरीवर होता. तिने नंबर फिरवला आणि तारघरातली पोरगी बोलायला लागते न लागते तोच मागे ओल्या पायांची फटफट ऐकू आली. म्हातारा अंगरखा उलटा घालून, केसांतून वाफ काढत उभा.

"सापडला? ए, सापडला का? मला न्हाणीघरात कळलं. शिडी वाजली ती निराळीच वाजली."

"बाबा, आधी अंग पुसा. वारा आहे."

"अंग कुठे पळतंय? तू नाव नीट सांग. ही तारघरातली कार्टी निम्मं ऐकतात नि निम्मं मनाने घालतात. सावकाश सांग. कामेई."

मासुएने पत्ता सांगितला. तळहात दिव्याखाली धरून आकडे सांगितले. पोरीने ते परत म्हणून दाखवले, तिच्या आवाजात धूमकेतूबद्दल काडीची उत्सुकता नव्हती. कोणाचं लग्न, कोणाचं मयत, तसलंच तिला हे. "पाठवणाराचं नाव? अक्षर-अक्षर सांगा बाई, लाइन खराब आहे."

तारघराची रीत अशी, की ऐकण्यात घोळ नको म्हणून प्रत्येक अक्षराला एक ठरलेला शब्द. तो शब्द घ्यायचा आणि पुढे अक्षर. दुकानाच्या तारा करून करून मासुएला ते झोपेतही येत होते. तोंडाला सवय होती.

"कावासेचा का," ती म्हणाली.

"कावासेचा का. पुढे?"

मागे म्हाताऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. पुढे 'मेइजीचा मे' म्हणायचं होतं, मग 'इरोहाचा इ', आणि झालं. वर बसलेल्या माणसाला काय कळणार होतं? कळलं असतं तर बोलला नसता. आजवर काय बोलला होता? त्याचं नाव एकदा या घराने दप्तरात लिहून घेतलं, आता आकाशात लिहून घेतलं असतं, आणि मग तो कुठे जाणार? चहूबाजूंनी कामेई. पण मासुए बाजारात वाढलेली बाई होती. कोंडून ठेवलेला माल शेवटी झाकण उडवतो हे तिने लाकडी पिंपांतून जन्मभर पाहिलं होतं. इतकी वर्षं हा माणूस घरात एक पाय ठेवून उभा होता. दुसरा कुठे होता ते आत्ता वर कळलं. नाव देऊन तो दुसरा पाय घरात येत असेल, तर सौदा वाईट नव्हता.

"ते खोडा," ती म्हणाली.

"खोडलं. बोला."

"मुसेनचा मु."

मागचा श्वास थांबला.

"मुसेनचा मु. पुढे?"

"कुराबुचा कु."

"मासुए," म्हातारा म्हणाला. रागाने नाही. बाजारात लेकरू हात सोडून निघालं तर म्हणावं तसं. "मासुए, अगं, आपल्यामागे कोण आहे?"

ओसरीच्या त्या दिव्याखाली तिला पहिल्यांदाच समजलं, की हे कासव आणि हा तारा आणि ही बाटली, हा सगळा म्हाताऱ्याचा खेळ नव्हता. दुकान विकलं जाईल. तिच्यानंतर कामेई नावाने कोणी दार उघडणार नाही. त्याने आकाशात जागा धरून ठेवली होती, आणि मासुए ती सोडत होती, त्याच्या देखत, एकेका अक्षराने.

"नोहाराचा नो," ती म्हणाली. "कित्तेचा की."

"मुकुनोकी. बरोबर?"

"बरोबर."

फोन ठेवला. म्हातारा उलट्या अंगरख्याची गाठ सोडत आणि बांधत उभा होता. मग म्हणाला, "कासव बिचारं आता एकटंच राहील," आणि आत गेला. त्या रात्री त्याने पेज घेतली नाही, पण चहा दोनदा मागितला, म्हणजे बोलणं टाकलेलं नव्हतं.

*

वेधशाळेचं उत्तर आलं, मग वर्तमानपत्रवाला आला. त्याच संध्याकाळी दूर होक्काइदोत हायामिझु नावाच्या एका शाळामास्तरालाही तो दिसला होता. धूमकेतूचं नाव लागलं: मुकुनोकी–हायामिझु. गावात चर्चा व्हायची ती झाली. टोफूवाली दारात टोपली टेकवून म्हणाली, "काय हो मासुएबाई, तुमच्या माच्यावर हा मुकुनोकी कोण भाडेकरू ठेवलात? भाडं तरी देतो का?"

"देतो की," मासुए म्हणाली. "संध्याकाळी जेवायला खाली येतो."

आणि ते खरं होतं. धूमकेतू डोंगराआड गेला की सेइगो शिडी उतरायचा. चुलीपाशी बसायचा. कधी न सांगितलेलं सांगायचा: कात्सुमीला पोहता येत नव्हतं आणि हे त्याने गावापासून कसं लपवलं, बाप जाळं टाकताना कुठलं गाणं म्हणायचा आणि त्यातले कुठले शब्द आईसमोर गाळायचा. मासुए हसून हसून डोळे पुसायची. एकदा त्याने तिच्या वाडग्यात आपल्यातलं खारवलेलं उमेचं फळ टाकलं, आणि म्हणाला, "घे, मासुए." नुसतं एवढंच. पण नाव कसं घेतलं ते तिने नीट ऐकलं. सौदा बरा झाला होता. म्हातारा पलीकडच्या खोलीत रेडिओ मोठा लावून बसायचा.

मग एका रविवारी दोघं बसने इसोझाकीला गेली, वर्तमानपत्र घेऊन.

तोमे, सेइगोची आई, वाळत घातलेल्या मासळीच्या जाळ्या उलटत होती. सुनेला पाहून म्हणाली, "ये बाई. याला चांगलं खायला घालतेस वाटतं, गाल वर आलेत." सेइगोने वर्तमानपत्र तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून त्याने वाचून दाखवलं. आडनाव त्याने दोनदा वाचलं.

म्हातारीचे हात थांबले.

"झाडूतारा?" ती म्हणाली. तिकडची जुनी माणसं धूमकेतूला झाडूतारा म्हणतात, आणि अपशकुनी मानतात. "माझ्या नावाचा झाडू टांगलास वर?"

"आई, आता तसं मानत नाही कोणी. मान असतो तो. जगभर हेच नाव घेतात."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी सांगायला कशाला हवं? तू गेलीस की ते नाव बुडणार. मला वाटलं, तुला..."

"बुडणार?" म्हातारी म्हणाली. "अरे पोरा, ते बुडवायलाच तर तुला दिला!"

सेइगो वर्तमानपत्र धरूनच राहिला.

"कामेईंचं स्थळ तुझा बाप नको म्हणत होता. पाया पडून मी हो म्हणवलं. का? त्या नावाचा एक बाप्या घरात मेला नाही. तुझा आजा नाही, आज्याचा भाऊ नाही, तुझा बाप नाही. कात्सुमी तर... तिकडे टेकाडावर दगड आहेत आपले, खाली हाडं आहेत का एकाची? म्हटलं, एक तरी पोर कोरड्यावर राहू दे. ते नाव काढून टाकलं तर समुद्र ओळखणार नाही त्याला." तिने मासुएकडे पाहिलं. "मी गावभर सांगते, माझा पोरगा कामेई. सोया सॉसवाला. बाटली ठेवते देवापाशी."

"आई," मासुए म्हणाली, "तार मी केली. नाव मी सांगितलं."

"तू? तुझं घर सोडून याचं?" म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "काय मुलगी आहेस गं. कोणी सांगतं का असं?" आणि मग सेइगोला, "बदलता येतं का ते?"

"नाही."

"मग आता तो येतोय का जातोय? तुझा झाडू?"

"जातोय. सूर्याला वळसा घालून आला, आता लांब चाललाय."

"परत कधी?"

"आई, तुला मला नाही दिसायचा. कोणालाच नाही, हजारो वर्षं."

म्हातारीने एक जाळी उलटली. मग दुसरी. "मग ठीक," ती म्हणाली. "जाऊ दे लांब. नाव जाऊ दे आणि तू राहा." तिने त्यांना जेवायला घातलं, सुनेच्या हातात वाळलेल्या मासळीचं पुडकं दिलं. निघताना सेइगोने तिला अंगणात बोलावलं, अंधार पडल्यावर तो कुठे दिसेल ती जागा बोटाने दाखवायची होती त्याला. ती आली नाही. आत भांडी आपटत राहिली.

*

परतीच्या बसमध्ये तो खिडकीपाशी बसला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मोसंब्यांच्या बागा. बागा संपल्या तेव्हा म्हणाला, "तू कामेई सांगायला हवं होतंस."

मासुएला आधी हसू आलं. "आत्ता?"

"माझंच चुकलं. तुझं नाव घालवलं मी. बाबांचं. आणि ज्याच्यासाठी घालवलं ते तिला नकोच होतं."

"मला त्याचं काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही खाली येता ना. मला तेवढं पुरे."

पण तो ऐकत नव्हता. तो डोंगरावर राहिलेल्या उजेडाकडे बघत होता, किती वेळात अंधार होईल हे मोजणाऱ्या माणसासारखा. मासुएला ते बघणं ओळखता येत होतं. तिने पुडकं मांडीवर घट्ट धरलं, जसं काही ते कोणी काढून घेणार होतं.

घरी पोचल्यावर त्याने जोडे काढले आणि सरळ म्हाताऱ्याच्या खोलीत गेला. चटईवर गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे ठेवले, कपाळ खाली लावलं. "बाबा, मी या घराचं मीठ खाल्लं आणि नाव दुसऱ्याचं लावलं. मी दुसरा शोधीन. तो कामेईंचाच."

मासुए दारात उभी होती. तिने वडिलांकडे बघून मान हलवली. नको म्हणा. एकदाच, माझ्यासाठी, नको म्हणा.

म्हाताऱ्याने रेडिओ बारीक केला. "दुसरा सापडायला किती वर्षं लागतात?"

"सांगता येत नाही. काहींना जन्मात एकही नाही."

"हूं." म्हातारा लेकीकडे बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. "मग मला जगायला लागणार म्हणायचं. बरं, जगतो." आणि थोड्या वेळाने, "तो तुझा पहिला तरी दाखव. अजून कोणी मला दाखवला नाही."

त्याला शिडीवरून वर चढवताना दोघांचा जीव मेटाकुटीला आला. त्याने दुर्बिणीला डोळे लावले, खूप वेळ. धूमकेतू आता फिकट झाला होता, कडेने विरघळत चाललेला.

"त्याच्यावर काही लिहिलेलं दिसत नाही," म्हातारा म्हणाला.

सेइगो हसला. मासुएही हसली, कारण हसण्यासारखंच होतं. मग तिने बापाला धरून खाली उतरवलं. सेइगो वरच राहिला.

हिवाळा सरेपर्यंत तो धूमकेतू त्या दुर्बिणीलाही दिसेनासा झाला. इसोझाकीच्या म्हातारीला आपण फेकलेलं नाव परत मिळालं होतं, तेही एकदाचं लांब गेलं, आणि ती निवांत झाली. तोकुएमोनने साइनबोर्डवाल्याला नवीन नमुना करायला सांगितला, या खेपेला शेपटी लांब. डॉक्टर म्हणाले, म्हातारा उलट तरणा होत चाललाय. सेइगो मनाने पक्का कामेई झाला होता, इतका तो दप्तरात नाव लिहिलं तेव्हाही नव्हता. घराचं ऋण फेडायचं म्हणून सूर्य बुडला की तो शिडी चढायचा, आणि आता पहाटेही चढू लागला. ऋण त्याच्या माथी होतं. फेडीत जात होत्या त्या मासुएच्या संध्याकाळी.